तेरीज जुळेपर्यंत

रविवारच्या अंकाबरोबर जी येते तिला आपण पुरवणी म्हणतो. मूळ अंक वेगळा, पुरवणी वेगळी. पण पुरवणी एकटी कुणी दारात टाकून जात नाही. ती मूळ अंकाच्या पोटात घडी घालूनच येते. आजच्या कचेऱ्यांतल्या संगणकांतही अशा पुरवण्या असतात. कोणी त्यांना ‘ॲड-ऑन’ म्हणतं, कोणी ‘प्लगइन’, कोणी नुसतंच ‘ॲप’. मूळ सॉफ्टवेअर जगभर सगळ्यांना सारखंच विकलेलं असतं. आपल्या कचेरीची जी खास रीत असते ती ही पुरवणी सांभाळते. अमुक अर्जावर दोघांची संमती हवी, तमुक बिल तारखेशिवाय पुढं जाऊ नये, दर शुक्रवारी वरिष्ठांकडे तक्ता जावा, अशी कामं ती मोठ्या प्रणालीच्या कडेला बसून निमूटपणे करत असते. जुन्या कचेरीतल्या मुरलेल्या कारकुनासारखी. तो रजेवर गेला की मगच कळायचं, की तो काय काय करत होता.

गेली काही वर्षं पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांतून शनिवारी सकाळी एक वाक्य ऐकू येतं : ‘‘आज मायग्रेशन आहे, जेवायला माझी वाट बघू नका.’’ मायग्रेशन म्हणजे स्थलांतर. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावर चालणारी प्रणाली, तिच्या पुरवण्यांसकट, सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या ताब्यातल्या दूरच्या यंत्रांवर न्यायची. या दूरच्या यंत्रांच्या ताफ्याला ‘क्लाऊड’ म्हणजे ढग असं नाव पडलं आहे. नाव मोठं काव्यमय आहे. प्रत्यक्षात तो ढग जमिनीवरच, पहारा असलेल्या इमारतींत, वीज खात बसलेला असतो.

घरच्यांना वाटतं, एका यंत्रातलं दुसऱ्या यंत्रात टाकायचं, एवढ्यासाठी रात्री कशाला जागवायच्या? मला तसं वाटत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी बँकेत काढली आणि त्या काळात दोनदा बिऱ्हाड हललेलं पाहिलं. एकदा जाडजूड खातेवह्यांतून शाखेतल्या संगणकात, आणि पुढं शाखेतल्या संगणकातून मध्यवर्ती प्रणालीत. तेव्हा शिकलो ते आज या नव्या स्थलांतराकडे बघताना पुन्हा आठवतं. आकडे हलवणं हे कष्टाचं काम आहे. पण आकड्यांमागची रीत हलवणं हे जोखमीचं काम आहे.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियात सिडनी इथं २००२ साली माइक कॅनन-ब्रूक्स आणि स्कॉट फारकर या दोन तरुणांनी ‘ॲटलासियन’ नावाची कंपनी काढली. त्यांच्या मुख्य सॉफ्टवेअरचं नाव ‘जिरा’. स्वयंपाकघरातल्या जिऱ्याशी त्याचं नातं नाही. ‘गॉडझिला’ या सिनेमातल्या अक्राळविक्राळ प्राण्याचं मूळ जपानी नाव ‘गोजिरा’. त्याचंच हे लघुरूप. मराठीत गोजिरा म्हणजे काय, हे त्या दोघांना कुणी सांगितलं नसावं! तर हे जिरा म्हणजे कचेरीतल्या कामांची आवक-जावक नोंदवही. काम कोणी सांगितलं, कोणाकडे आहे, कुठं अडलं, कधी संपलं, याची नोंद ते ठेवतं. सॉफ्टवेअर कंपन्यांत तर ते सर्रास असतंच, पण बँका, रुग्णालयं, सरकारी खाती यांच्याकडेही असतं. त्याला जोडायच्या पुरवण्या विकण्यासाठी कंपनीनं २०१२ साली एक बाजारच उघडला. छोट्या छोट्या कंपन्या तिथं आपापल्या पुरवण्या मांडून बसल्या. कित्येक कचेऱ्यांनी तर आपल्या गरजेपुरत्या पुरवण्या स्वतःच लिहून घेतल्या.

ऑक्टोबर २०२० मध्ये या कंपनीनं जाहीर केलं, की ग्राहकानं आपल्या जागेत, आपल्या यंत्रावर चालवायची ‘सर्व्हर’ नावाची आवृत्ती आता बंद होणार. २ फेब्रुवारी २०२१ पासून तिचे नवे परवाने बंद झाले आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला तिची देखभालही संपली. मोठ्या ग्राहकांसाठी ‘डेटा सेंटर’ नावाची महागडी आवृत्ती मागं ठेवली होती. तीही मार्च २०२९ मध्ये संपणार असल्याचं कंपनीनं २०२५ साली सांगितलं. थोडक्यात, वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना नोटीस आली : पलीकडे नवी इमारत बांधली आहे, तिकडे चला.

यात घरमालकाचा नुसता लोभच आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. हजारो ठिकाणी विखुरलेली जुनी-नवी यंत्रं सांभाळणं हे खरोखरच कठीण असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये याच कंपनीच्या ‘कॉन्फ्लुअन्स’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर छिद्र सापडलं. कंपनीनं ठिगळ दिलं. पण ज्यांनी ते आपल्या यंत्राला वेळेवर लावलं नाही, त्यांच्याकडे चोर शिरले. ‘जेनकिन्स’ हा संगणकवाल्यांचा नावाजलेला मुक्त प्रकल्प. त्यांचाही एक अडगळीत पडलेला सर्व्हर त्यात सापडला आणि चोरांनी त्यावर आभासी नाणी पाडायचा उद्योग सुरू केला. जे आधीच क्लाऊडवर गेले होते त्यांना या छिद्राची झळ लागली नाही. कुलूप आपलं असलं म्हणजे ते मजबूत असतंच असं नाही.

तेव्हा जायचं की नाही हा वाद फारसा उरलेला नाही. प्रश्न आहे तो कसं जायचं याचा, आणि खरी अडचण होते ती पुरवणीची.

जुन्या व्यवस्थेत पुरवणी मूळ सॉफ्टवेअरच्या घरातच राहायची. तिला माजघरापर्यंत मुभा होती. हवी ती वही ती स्वतः उघडून बघू शकायची. नव्या इमारतीत अशी मोकळीक नाही. आधी ‘कनेक्ट’ नावाची पद्धत होती, तीत पुरवणी बाहेर आपल्या निर्मात्याच्या यंत्रावर राहायची आणि खिडकीतून निरोपांची देवघेव करायची. मग २०२१ साली ‘फोर्ज’ ही पद्धत सर्वांसाठी खुली झाली. तीत पुरवणीही मालकाच्याच इमारतीत, मालकानं आखून दिलेल्या खोलीत राहते. खोलीचे नियम ठरलेले. नेहमीच्या एका कामाला २५ सेकंदांची मुदत; त्याहून लांबलेलं काम वेगळ्या रांगेत लावायचं. जुन्या नोंदींत माणसं त्यांच्या वापरातल्या नावांनी ओळखली जात. नव्या घरात खासगीपणाच्या कायद्यांमुळे प्रत्येकाला एक लांबलचक क्रमांक. ज्या पुरवणीत ‘अमक्या नावाचा माणूस आला तर असं कर’ असं लिहिलेलं असेल, तिला त्या इमारतीत ओळखीचं कुणी भेटत नाही.

सगळ्यांत मोठा फरक मात्र वेगळा आहे. तो बँकेच्या भाषेत सांगतो. काउंटरवरचा चेक पैसे देण्याआधी पासिंग अधिकाऱ्याकडे जातो. त्याला शंका आली तर पैसे थांबतात. ऑडिटर तोच चेक नंतर बघतो. त्याला शंका आली तर तो शेरा मारतो. पैसे तोवर गेलेले असतात. जुन्या घरातली पुरवणी बऱ्याचदा पासिंग अधिकारी होती. नव्या घरात पुष्कळ कामांत ती ऑडिटर होते, म्हणजे गोष्ट घडून गेल्यावर तिला निरोप मिळतो. आधी अडवण्याची सोय तिथंही आहे, पण ती मालकानं दिलेल्या मोजक्या भाषेत, नव्यानं लिहावी लागते. जिराच्या मूळ कंपनीचं स्थलांतराचं साधन प्रकल्प, माणसं, नोंदी उचलून नेतं. पुरवणीतल्या नोंदी जातील की नाही, हे पुरवणीच्या निर्मात्यानं काय सोय केली आहे त्यावर. आणि कचेरीनं स्वतः लिहिलेले नियम बहुधा कोऱ्या कागदापासून लिहावे लागतात.

इथं मला आमची शाखा आठवते. बँकांत यंत्रं आणण्याबाबतचा कर्मचारी संघटनांशी झालेला करार १९८३चा, आणि डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा पहिला अहवाल १९८४चा. तरी आमच्यासारख्या तालुक्याच्या शाखेत संगणक यायला पुढची बरीच वर्षं जावी लागली. तो आला तेव्हा सेव्हिंगच्या खातेवह्यांतली प्रत्येक शिल्लक त्यात भरायची होती. ते काम चोख झालं. पण खातेवहीच्या पानावर शिलकेशिवाय आणखीही काही असायचं. कडेला तांबड्या शाईत शेरे असत. ‘खातेदारास दिसत नाही, रक्कम साक्षीदारासमोर मोजून द्यावी.’ एका विधवा बाईंच्या पानावर होतं : ‘मुलगा स्लिप घेऊन आल्यास बाईंना समक्ष बोलावणे.’ एवढंच. कधी, का, कोणी लिहिलं, काही नाही.

संगणकाच्या पडद्यावर नाव, पत्ता, नमुना सही, शिल्लक, सगळ्यांना चौकटी होत्या. तांबड्या शाईला चौकट नव्हती. ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला त्यांनी आमची खातेवही पाहिली होती. तिच्या कडा पाहिल्या नव्हत्या. आमच्या हेड क्लार्कनी कुणी न सांगता एक दोनशे पानी वही आणली आणि रोज संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर एकेक शेरा खातेक्रमांकासह उतरवून काढला. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘साहेब, शिल्लक चुकली तर तेरीज सांगेल. हे चुकलं तर कोण सांगणार?’’ तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज जुळवून बघण्याचं पत्रक. त्या बाईंचा मुलगा पुढं खरोखरच स्लिप घेऊन आला. कॅशियरनं वही पाहिली, बाईंना निरोप धाडला. त्या आल्या आणि त्यांनी नुसती मान हलवली. पैसे खात्यातच राहिले.

माझी भाची पुण्यात एका कंपनीत याच स्थलांतराच्या कामावर होती. त्यांचा व्यवहार औषधांच्या गोदामांचा. एका रविवारी जेवताना म्हणाली, ‘‘मामा, आमच्या जुन्या पुरवणीत एक नियम आहे. शीतगृहाची तक्रार ज्यानं नोंदवली त्यालाच ती बंद करता येत नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. टीममधले म्हणतात, नव्यात घेऊच नका, उगाच काम वाढतं.’’

कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड असते. माणूस काय करतो याच्यापेक्षा का करतो, याच्या मागं तो लागतो. मी तिला म्हटलं, ‘‘लिहिणारा कोण होता ते शोध. नियम काढायचा असेल तर त्याला विचारून काढ.’’ तो गृहस्थ नोकरी सोडून गावी शेती करत होता. त्यानं फोनवर पाच मिनिटांत सांगितलं : एकदा रात्रपाळीच्या माणसानं शीतगृहाचं तापमान वाढल्याची तक्रार नोंदवली, आणि पहाटे आकडा खाली आलेला दिसताच स्वतःच ती बंद करून तो घरी गेला. मधल्या तासांत लशींचं काय झालं हे कुणी तपासलं नाही. प्रकार दुसऱ्या दिवशी योगायोगानं लक्षात आला आणि तो सगळा माल बाद करावा लागला. तेव्हापासून हा नियम. भाचीनं तो नव्या घरात पुन्हा लिहिला, आणि या वेळी त्याच्या शेजारी कारणही लिहून ठेवलं.

हे सगळं ग्राहकाच्या बाजूचं झालं. घरमालकाच्या बाजूनं काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण खुद्द ॲटलासियननंच आपल्या अहवालात लिहून जगापुढं ठेवलं आहे, आणि तेही एका पुरवणीचंच आहे. ‘इन्साइट’ नावाची एक पुरवणी होती. कचेरीतल्या यंत्रसामग्रीची नोंद ठेवणारी. ती कंपनीनं विकत घेतली आणि मूळ सॉफ्टवेअरमध्येच सामावून घेतली. मग ग्राहकांकडे उरलेली जुनी सुटी पुरवणी काढून टाकायची होती. एका गटानं दुसऱ्या गटाला यादी दिली. यादीत पुरवणीचे क्रमांक हवे होते. गेले ते ग्राहकांच्या अख्ख्या जागांचे क्रमांक. पुसण्याच्या आज्ञावलीला दोन रीती होत्या. एक, खूण करून ठेवायची, म्हणजे चूक कळली तर परत आणता येतं. दुसरी, कायमचं पुसायचं. वापरली गेली ती दुसरी. यंत्रानं ‘अहो, ही तर पूर्ण जागा आहे’ असं विचारलं नाही. ५ एप्रिल २०२२ रोजी आपल्याकडे दुपारचे एक वाजून आठ मिनिटं झाली असताना पुसणं सुरू झालं आणि एक एकतीसला थांबलं. तेवीस मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या ८८३ जागा नाहीशा झाल्या.

माहितीच्या प्रती जपून ठेवलेल्या होत्या. पण एकाच इमारतीत हजारो बिऱ्हाडं असताना त्यातली नेमकी काहीच बिऱ्हाडं पुन्हा जशीच्या तशी मांडायची, याची तालीम एवढ्या मोठ्या प्रमाणावर कधी झालेली नव्हती. त्यात जागांबरोबर ग्राहकांचे संपर्काचे तपशीलही पुसले गेले, त्यामुळे कुणाला कळवायचं हेच कळेना. तक्रार नोंदवायलाही चालू जागेचा पत्ता लागायचा, आणि तीच तर गेली होती. शेवटचा ग्राहक पूर्ववत व्हायला १८ एप्रिल उजाडला. काही कचेऱ्यांची नोंदवही जवळजवळ दोन आठवडे बंद होती. कामं चालूच होती. कोणाकडे काय आहे ते मात्र दिसत नव्हतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपलं यंत्र आपल्या घरातच बरं. पण आगीच्या भीतीनं घरात चूल पेटवायची नाही असं कुणी करत नाही. पाण्याची बादली जवळ ठेवतात. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक बँकेची. क्लाऊडमध्ये दुसरी किल्ली आपोआप मिळत नाही. ती आपल्याला करून घ्यावी लागते.

ती म्हणजे काय? जायच्या आधी सगळ्या पुरवण्यांची यादी करायची, आणि प्रत्येकीसमोर ती कोण वापरतं आणि का वापरतं हे लिहायचं. ज्यांचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं येईल त्या इथंच सोडायच्या. बिऱ्हाड हलवताना फुटके डबे कशाला न्यायचे? उरलेल्यांची आधी एक रंगीत तालीम करायची. काही दिवस जुनं आणि नवं दोन्ही शेजारी चालवून ताळा पाहायचा : नोंदी किती होत्या, किती आल्या; आणि मधूनमधून एखादी नोंद उघडून, तिच्यासोबतचे कागद, तारखा, शेरे तेच आहेत का हे डोळ्यांनी बघायचं. जुनं यंत्र लगेच भंगारात न देता कुलूप लावून ठेवायचं. आणि नव्या घरमालकाला आत शिरतानाच विचारायचं, की उद्या सोडून जायचं झालं तर आमचं सामान कोणत्या रूपात आणि किती दिवसांत आमच्या हाती देणार?

हा शेवटचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. रिझर्व्ह बँकेनं १० एप्रिल २०२३ ला माहिती तंत्रज्ञानाची कामं बाहेर देण्याविषयी जे निर्देश काढले, आणि जे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, त्यांत बँकांना बाहेर पडण्याचा मार्ग आधीच आखून ठेवायला सांगितलं आहे. त्यात क्लाऊडचाही वेगळा विचार आहे. त्यांचं मूळ सूत्रही जुन्या बँकरला चटकन पटणारं आहे : काम दुसऱ्याकडे सोपवलं तरी ग्राहकापुढची जबाबदारी आपलीच. गंमत अशी, की ॲटलासियनचं क्लाऊडही चालतं ते ॲमेझॉनच्या यंत्रांवर. म्हणजे आपला घरमालकही कुणाचा तरी भाडेकरू! अशा साखळीत शेवटच्या खातेदाराला उत्तर कोण देणार, हे आधी ठरलेलं बरं.

तंत्र बदलत राहील. पुढच्या दहा वर्षांत ‘फोर्ज’ जाऊन आणखी काही येईल आणि आजचं नवं घर जुना वाडा होईल. त्या वेळी आज लिहिलेली कारणं कामाला येतील, कारण यंत्राला नियम कळतो, त्यामागची बाई किंवा त्यामागची लस कळत नाही. ते कळण्याचं काम माणसाचंच, आणि ते सहसा अशा माणसाचं असतं ज्याचं नाव कुठल्याही अहवालात येत नाही.

म्हणून घरात कुणी शनिवारची रात्र त्या पडद्यासमोर काढत असेल, तर त्याच्यावर करवादू नका. चहा नेऊन द्या. आणि सोमवारी ‘झालं का रे काम?’ असं न विचारता, ‘तेरीज जुळली का?’ एवढंच विचारा. जुळली असं म्हणाला तर आणखी एक विचारा : कडेची तांबडी शाई कुठं उतरवून ठेवलीस?